शंभरात चार

बाबांच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर काही बिघडण्याचा धोका किती, हे काढायला सर्जन एकेक प्रश्न विचारून कॉम्प्युटरवर टाइप करत होते.

"सिगारेट?"

"दहा वर्षांत हात लावला नाही," बाबा म्हणाले.

"वजन घटलंय?"

"छे!"

"जिना चढताना दम लागतो?"

"दोन मजले सहज चढतो."

"मग शंभरातल्या चौघांनाच त्रास होतो. निर्धास्त राहा."

"बघ, डिस्टिंक्शन!" बाहेरच्या बाकापर्यंत येतानाच बाबांना धाप लागली. कमरेच्या पट्ट्याला त्यांनी खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं मला दिसत होती. खरं काय ते सांगायला मी एकटीच परत आत गेले.

स्क्रीनवर लिहिलं होतं, शंभरात एकतीस.

"पट्टा मलाही दिसला," सर्जन हळूच म्हणाले. "बोटांवरचे सिगारेटचे डागही. पण खरा आकडा ऐकून ते ऑपरेशनला आलेच नसते. आणि ते टाळून चालणार नाही."

मी हसत बाहेर आले. बाबांनी माझा हात धरला.

"काय म्हणाले?"

"चारच म्हणाले."

"मग तुझा हात एवढा गार का पडलाय?"