वकील रवंथ करू लागला

साधना खोका काखेत धरून एसटीच्या थांब्याकडं निघाली, तेवढ्यात ओट्यावरून सासऱ्यांनी, सोनबांनी हाक मारली. "कुठं निघालीस गं?"

"भोरला, आबा. जनावरांच्या डॉक्टर मॅडमकडं. वकिलानं कालपास्नं तोंडात काई घेतलं न्हाई."

वकील म्हणजे खोक्यातला ससा. अंगानं काळा, गळ्याशी पांढरा पट्टा, म्हणून वकील. एरवी साधनाचं पाऊल वाजलं तरी पिंजऱ्याच्या जाळीला पाय लावून उभा राहायचा. आज कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली तर त्यानं तोंड फिरवलं.

सोनबांचं उभं आयुष्य शेळ्यांमागं गेलेलं. त्यांनी सरळ विचारलं, "फोनवर काय म्हणली ती बाई?"

इथं साधना खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिला ते कधी जमलंच नाही. "म्हणल्या, सशांचं मला फारसं म्हाईत न्हाई, पण घिऊन या, बघते. तवर पुण्यातल्या एका सशांच्या डॉक्टरला इचारते. आन उपाशी ठिवू नका म्हणल्या."

"म्हंजी तीच म्हंती, मला म्हाईत न्हाई. आन तिच्याकडं जनावर न्यायचं?" सोनबा हसले. "आपला धनाजी डॉक्टर कुठं गेलाय?"

धनाजी तसा शिकलेला डॉक्टर नव्हे. पण भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला जेवढ्या म्हणून वाड्या आहेत, तिथं त्याची मोटारसायकल वाजली की माणसं निर्धास्त होत. त्याच्या तोंडून 'माहीत नाही' असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्याला दुसरं हवं तरी काय असतं? खाली रस्त्यावर एसटी आली, थांब्यावर कुणी नाही असं पाहून तशीच पुढं गेली.

धनाजी अर्ध्या तासात आला. वकिलाला उचलून त्यानं पोट चाचपलं. "पोट धरलंय. शेळीचं धरतं तसंच. एक सुई देतो. चारा मातूर बंद."

"मॅडम म्हणल्या व्हत्या, उपाशी..."

"सूनबाई, आजारी जनावराला कुणी चारतं व्हय? पोट हलकं झालं की आपसूक रवंथ कराय लागंल. रवंथ सुरू झालं की जनावर वाचलं समजायचं."

साधनाच्या माहेरीही शेळ्याच होत्या आणि माहेरीही हेच म्हणत. सुई टोचली तेव्हा वकील जरासुद्धा ओरडला नाही. धनाजी म्हणाला, गुणाचं जनावर आहे. साधनानं कोथिंबिरीची जुडी उचलली आणि शेळ्यांपुढं टाकली.

ऊन कलल्यावर तो आवाज पहिल्यांदा तिनंच ऐकला. ती खोक्यापाशी वाकली. वकील कोपऱ्यात पाठ वर काढून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, आणि त्याचा जबडा हलत होता. कर्र, कर्र. तोंडात तर काही नव्हतं. दुपारच्या वेळी शेळ्या सावलीला बसून करतात तसंच. साधनाला रडूच फुटलं.

"आबा, रवंथ कराय लागला!"

सोनबा आले, त्यांनी कान दिला, मान डोलावली. "बघ. हातच्या काकणाला आरसा कशाला?" त्यांनी तिथूनच धनाजीला मोबाईल लावला आणि त्याची तोंडभरून स्तुती केली. चहा झाला. साधनानं शेजारच्या अंबूबाईला हाक मारून आणलं. आनंदाची गोष्ट एकटीनं ऐकायची तरी कशी? दोघी खोक्याच्या दोन बाजूंना बसल्या. वकील थांबला की साधनाचा जीव टांगणीला लागायचा, पुन्हा सुरू झाला की ती हसायची.

दिवेलागणीला भोरच्या मॅडमचा फोन आला. त्या घाईत होत्या. "ताई, आला का नाहीत? पुण्याच्या डॉक्टरांशी बोलले मी. त्याला उपाशी अजिबात ठेवू नका. गाडी मिळेल ती करा आणि आत्ता निघा. मी दवाखाना उघडा ठेवते."

"आता नगं मॅडम." साधनाच्या आवाजात जरा तोरा होता. "बरं हाय त्याला. रवंथ करतोय."

"काय करतोय?"

"रवंथ. चार वाजल्यापास्नं. थांबा, तुमीच ऐका." तिनं मोबाईल खोक्यात वकिलाच्या तोंडापाशी धरला. मग परत कानाला लावला.

"ऐकलं का, मॅडम?"

"ताई, ससा रवंथ करत नसतो," मॅडम हळू म्हणाल्या. "दात खातोय तो. दुखणं सोसवेना झालं की ससे असे दात खातात."

साधना मोबाईल कानाला धरून तशीच उभी राहिली. ओट्यावरून सोनबांनी विचारलं, "काय म्हंत्यात बाई? पटलं का न्हाई आता?"

अंबूबाईनं त्यांना हातानं गप्प केलं. तिनं खोक्याला कान लावला होता.

"लई जोरात चाललंय गं आता," ती कौतुकानं म्हणाली.