बातकेन ते काराकोल

"किती वेळ लागेल म्हणालास?" शारशेन काकांनी पुन्हा विचारलं.

मेदेरने दात आवळले. बातकेनच्या त्या एका खोलीच्या विमानतळावर येऊन बसल्यापासून म्हाताऱ्याने हाच धोशा लावला होता. काराकोल इथून सरळ रेषेत पावणेसातशे किलोमीटर, पंख्यांचं छोटं विमान पावणेदोन तासांत पोचवतं. सांगून झालं, फोनवर नकाशा दाखवून झाला.

"एवढ्यातच पोचतो? मोटारीने गेलो असतो तर?"

"दोन दिवस लागले असते, काका. हाडं खिळखिळी झाली असती ती वेगळीच."

"दोन दिवस," काका स्वतःशीच पुटपुटले.

मेदेरचा जीव मेटाकुटीला आला होता, पण ओरडणार कसं? पहाटे थोरल्या भावाचा, ऊलानचा, फोन आला होता. काकू गेली. काका तुझ्याकडे जर्दाळू खायला आलेत, त्यांना घेऊन ये. आजारी आहे एवढंच सांग. खरं काय ते विमानात, शेजारी बसून, हळूच सांग. आणि उतरायच्या आत सांग, अंगणात पाऊल टाकलं की बायकांचं रडणंच कानावर येईल.

हे काम वडीलधाऱ्यांचं, माझ्या गळ्यात का मारतोस, असं मेदेर वैतागून म्हणाला होता. ऊलानने फोनच ठेवून दिला होता.

विमानात काकांनी त्याला खिडकीशी बसवलं, रुमालातले तळलेल्या कणकेचे बोरसोक काढले आणि खाऊन घे, खाऊन घे म्हणत तीन-चार त्याच्या तोंडात कोंबलेच. काकूची चौकशी मात्र एकदाही नाही. मेदेरला त्याचाच जास्त राग आला. चाळीस वर्षांचा संसार, आणि याला पडलंय विमानाच्या वेगाचं. वाटेत ढग टाळायला विमानाने लांबचा वळसा घेतला, तेव्हा तर काका चक्क म्हणाले, बरं झालं, थोडा वेळ वाढला. मेदेरने कपाळावर हात मारला.

मग खाली इस्सिक-कुल सरोवराचं निळं पाणी दिसलं. विमान उतरायला लागलं. आता टाळून चालणार नव्हतं. वैताग कुठल्या कुठे पळाला आणि त्याला म्हाताऱ्याची नुसती कीव आली.

"काका, काकूबद्दल एक सांगायचंय."

काकांनी डोक्यावरचा कल्पाक काढून मांडीवर ठेवला आणि मेदेरचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुझी काकू ठणठणीत आहे, बाळा. ऊलानला खोटं बोलायला मीच सांगितलं. एवढ्याशा वाटेत तुला कसं सांगायचं, तेच सकाळपासून जुळवतोय. तुझ्या आईला शेवटची आंघोळ तिनेच घातली."