टोचणारी जागा

दारातच वास आला. ताईने हातातली पिशवी तशीच खाली टाकली आणि आतल्या खोलीत धावली. आई अंथरुणात ओली पडली होती. ओठ एकमेकांना चिकटलेले. "पाणी" म्हणताना तिच्या घशातून पत्रा घासल्यासारखा आवाज निघत होता.

पलीकडच्या खोलीत धाकटा भाऊ कानांवर हेडफोन चढवून संगणकासमोर डोलत होता. घरात त्याला सगळे कौतुकाने कानसेन म्हणत. ताईने खांद्याला धरून हलवलं तसा तो दचकला, मग हसला.

"आलीस? लक्ष आहे हो माझं. आईच्या उशाशी माईक लावलाय. गाणी चालू असली तरी ती सतत माझ्या कानात असते."

"मग ऐकू येत नाही तुला? घसा फोडून हाका मारतेय ती!"

"हाका कसल्या? गुणगुणतेय. परवापासून किती निवळलीये बघ. हे घे, तूच ऐक."

हेडफोनच्या गाद्या त्याच्या घामाने कोमट झाल्या होत्या. ताईच्या अंगावर शहारा आला, तरी तिने ते कानांना लावले. खाली गाणं होतं आणि त्यावर आईचा आवाज. मऊ, लांबून येणारा. शेंगा सोलता सोलता कुणी स्वतःशीच बोलावं तसा. तिने एक कान मोकळा केला. उघड्या दारातून पत्रा घासत आला. पुन्हा झाकला. पुन्हा शेंगा.

पडद्यावर एक रेषा होती, मधोमध खड्डा पडलेली.

"हे काय आहे?"

"इक्वलायझर. आवाजातलं काय वाढवायचं, काय कमी करायचं, ते यात ठरवता येतं." त्याने खड्ड्यावर अलगद बोट टेकवलं. "आईचं कण्हणं नेमकं इथे टोचायचं. गाण्याचा पार विचका व्हायचा. तेवढीच जागा खाली घेतली. शब्द सगळे जागच्या जागी आहेत हं, एकही गाळलेला नाही."

देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना मुद्दाम दिल्या नाहीत, असं ताई आजवर मानत आली होती. तिने हेडफोन टेबलावर टाकले आणि कान पदराने खसाखसा पुसले.

आईला तिने चमच्याने पाणी पाजलं. कूस वळवून ओली चादर ओढून काढली. चादरीबरोबर पाठीची साल निघते की काय, असं वाटून तिचा हात थांबला. उशाशी माईकचा बारीक हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

"तो म्हणाला," आई घासत घासत बोलली, "आई, तुझा आवाज सुधारलाय. तेव्हापासून मी जरा जोर लावून हाक मारते." तिने ताईचं मनगट धरलं. "सुधारतेय ना गं मी?"

ताईने तोंड उघडलं. बाहेर पडला तो हंबरडा.

"ताई, जरा हळू!" पलीकडून धाकटा ओरडला. "तुझा आवाज अजून इक्वलायझरवर बसवलेला नाहीये."