गोचीड

“बघ गो, ताप इलो काय?” यांनी पुन्हा थर्मामीटर मागितला. काजूच्या बागेत गोचीड चावल्यापासून हेच चाललंय. शेजारच्या गावात गोचिडीमुळे होणारा माकडताप आलाय, मलाही ठाऊक आहे. म्हणून काय यांना शिंक आली तरी मी हातातलं काम टाकून धावायचं?

बागेत आम्ही दोघंही होतो. गोचीड माझ्याही पोटरीला चिकटली होती. ओढून फेकली आणि काजू वेचत राहिले. यांच्या नसलेल्या तापापुढे ते सांगायला सवड कुणाला होती?

थर्मामीटर मागच्या दारी उजेडात नेऊन पाहिला. ताप नव्हता. धुऊन डबीत घालताना थंडी नसतानाही माझ्या अंगावर काटा आला. मी थर्मामीटर माझ्या जिभेखाली धरला.

खोलीतून हाक आली, “किती आसा गो?” मग पुन्हा, मोठ्यानं.

मला तोंड उघडता येत नव्हतं.