कोणालाही इजा नाही

“मिस, हे तिसरं वाक्य काढून टाकलं तरी चालेल,” रोनित म्हणाला. “कोणाला काही झालंच नाही, तर ते सांगायचं कशाला?”

वर्ग हसला. हेमालाही हसू आलं. दुबईतल्या अल कुसैसच्या त्या शाळेत ती नववीला इंग्रजी शिकवायची, आणि आजचा तास बातमी वाचण्याचा होता. गोष्ट नाही, कविता नाही. खरोखर घडलेलं, चार ओळींत सांगितलेलं. मुलांनी ज्याच्यावाचून अडत नाही ते खोडायचं आणि उरेल त्याचा सारांश सांगायचा. मुलांना असले उतारे मुळीच आवडत नसत. “यात काही होतच नाही, मिस,” ही नेहमीची तक्रार.

आजची बातमी हेमाने एका वेबसाइटवरून घेतली होती, गेल्या वर्षीची. अजमानमध्ये एका रहिवासी इमारतीला दुपारी आग लागली. अग्निशमन दलाने ती आटोक्यात आणली. सर्व रहिवासी सुखरूप बाहेर आले, कोणालाही इजा झाली नाही. कारणाचा तपास सुरू आहे. संपलं.

रोनितने पेन्सिल उचलली.

“ते खोडू नकोस.”

आवाज खिडकीजवळच्या बाकावरून आला. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण तो आवाज कोणाच्या ओळखीचाच नव्हता. मुनिबा याच वर्षी शाळेत आली होती. घर मूळचं रत्नागिरीकडचं. हजेरीला ‘प्रेझेंट मिस’ म्हणण्यापलीकडे ती कधी बोलत नसे.

“का?” रोनितने विचारलं.

“ती आमची बिल्डिंग आहे.”

बातमीत इमारतीचं नाव होतं, पण हेमासाठी ते नुसतं नाव होतं. ती पटकन पुढे झाली. “मुनिबा, सॉरी बेटा, मला माहीत नव्हतं. आपण दुसरा उतारा घेऊ.”

“आय ॲम ओके, मिस,” मुनिबा म्हणाली. कागदावरची नजर तिने हलवली नाही.

मग रोनितनेच, जरा ओशाळून, विचारलं, “तू काय घेऊन बाहेर पडलीस?”

“कुकरचं झाकण.”

“काय?”

“ममी स्वयंपाक करत होती. अलार्म वाजला, सगळे पळाले. खाली आल्यावर बघते तर माझ्या हातात कुकरचं झाकण. का उचललं, मला अजून माहीत नाही.”

पुन्हा हसू फुटलं, आणि या वेळी मुनिबाही हसली. हेमा खुर्ची ओढून बसली. सारांश आता राहिलाच होता.

“अब्बा अबुधाबीला होते, ड्यूटीवर,” मुनिबा सांगू लागली. इंग्रजी बोलता बोलता ती हिंदीवर आली होती. घरचं सांगताना सगळ्याच मुलांचं तसं व्हायचं. “ऑफिसात कोणीतरी त्यांना मोबाइलवर आमच्या बिल्डिंगचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी ममीला फोन लावला. रिंग वाजत होती, उचलत कोणी नव्हतं. फोन वर किचनमध्येच राहिला होता ना.”

“मग दुसऱ्या कोणाच्या फोनवरून लावायचा,” पहिल्या बाकावरची केया म्हणाली.

“ममीला नंबर पाठ नव्हता. मलाही नव्हता. तुला आहे तुझ्या पप्पांचा?”

केयाने बोटांवर आकडे मोजायला घेतले आणि पाचव्यावर अडली.

“अब्बा गाडी घेऊन निघाले. वाटेत पेट्रोल पंपावर थांबून त्यांनी बातमी शोधली. हीच, आपण वाचतोय ती. मग जिथे गाडी थांबेल तिथे तेवढं एकच वाक्य वाचायचे. आधी नुसतं ‘सर्व’ वाचायचे. मग ‘कोणालाही’ वाचायचे. सर्व म्हणजे माझी माणसं धरूनच ना, असं स्वतःलाच विचारायचे. आणि परत पहिल्यापासून.”

वाक्यातल्या एकेका शब्दावर थांबा, असं हेमा वर्षानुवर्षं मुलांना सांगत आली होती. असा थांबलेला वाचक तिला ठाऊक नव्हता.

“आले कधी ते?” कोणीतरी हळूच विचारलं.

“आम्ही मशिदीच्या पार्किंगमध्ये बसलो होतो. अब्बा धावत आले आणि माझ्यावर ओरडलेच. चप्पल कुठे तुझी? एवढ्या तापलेल्या जमिनीवर अनवाणी उभी राहतेस? खूप ओरडले. मग मला उचललं आणि गाडीपर्यंत नेलं. आठवीत होते मी. सगळ्यांसमोर.”

केया आपल्या बुटांकडे बघत होती.

घंटा झाली. एरवी यल्ला यल्ला, चला चला करत दाराशी झुंबड उडायची. आज मुलं सावकाश उठली. रोनित जागेवरच होता. त्याने बातमीचा कागद उलटा केला, सुलटा केला, अगदी तळाशी बारीक अक्षरांत काही आहे का तेही पाहिलं.

“मिस, लिहिणाऱ्याचं नाव नाही यात.”

“एवढ्याशा बातमीला नसतं रे,” हेमा म्हणाली.

“अब्बांनीही खूप शोधलं,” दप्तराची चेन लावत मुनिबा म्हणाली. “त्यांना त्याला घरी जेवायला बोलवायचंय.”