फिकट गुलाबी

रत्नप्रभा ब्युरेटच्या काचनळीतून शंकुपात्रातल्या आम्लात अल्कलीचा एकेक थेंब सोडत होती. कॉलेजच्या याच प्रयोगशाळेत ती अठरा वर्षं परिचर होती. आज मात्र बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा देत होती. गेल्या वर्षी तोंडी प्रश्नांना तिची दातखीळच बसली होती.

एका थेंबासरशी शंकुपात्रातलं द्रावण फिकट गुलाबी झालं. परीक्षक वाकून म्हणाले, "रंग का आला?"

"आम्ल संपलं, सर. आता अल्कली उरलीय." हे उत्तर पाठ होतं.

"असंच ठेवलं तर?"

हे पुस्तकात नव्हतं. मग मुलं तशीच टाकून जायची ती पात्रं तिला आठवली. "रंग उडतो, सर. कितीदा बघितलंय मी."

"का उडत असेल?"

ती विचारात पडली. "हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल होत असेल. ते उरलेल्या अल्कलीला संपवत असेल."

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. आत्ताच सुचलं," म्हणत ती स्वतःशीच हसली.

परीक्षकांनी पेन ठेवलं, स्टूल ओढलं. "चला, बघू या."

दोघं पात्राकडे बघत राहिली. रंग ओसरायला लागला, तो आधी तिलाच दिसला.