वाकडं तेवढं बाजूला

बाबांनी सरकत्या पट्ट्यावरून कोळंबीची बशी उचलली आणि न खाता बाजूला ठेवली. शेजारी बसलेल्या मुलीनं टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला.

"बाबा, इथं उचललं की खायचं असतं."

"शेपूट डावीकडे आहे," बाबा म्हणाले. "बाकी सगळ्यांची उजवीकडे."

समोरचा तरुण हसला नाही. बरं केलं. पहिला हसला होता.

काकडी. पास.
अंडं. पास.
भातावरून घसरलेला मासा. बाजूला.

बिस्किटांच्या कारखान्यात बाबांची सगळी नोकरी अशाच एका सरकत्या पट्ट्यापाशी गेली होती. चांगलं बिस्कीट पुढं जाऊ द्यायचं. फुटकं, करपलेलं, वाकडं तेवढं उचलायचं. नोकरी संपली, बाबा निवृत्त झाले, हात काही झाला नाही. घरात ते चमचे तपासत, पोस्टातून आलेली पाकिटं तपासत, भिंतीवरच्या चौकटी तपासत. आणि मुलीनं भेटीसाठी हॉटेल निवडलं ते हे, जिथं सुशीच्या बशा दिवसभर गिऱ्हाइकांसमोरून फिरत होत्या. आधीच मर्कट, तशात मद्य प्याला.

दारातच तिनं बजावलं होतं. "हा तिसरा. याच्यातही खोट काढलीत, तर चौथा तुम्हाला दाखवणार नाही. लग्न करून फोन करीन."

बाबांनी मान हलवली होती. मान हलवायला काय जातं?

तिसरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बाबांनी मनातल्या मनात त्याला लिफ्टवाला म्हणायला सुरुवात केली होती.

नखं. कापलेली. पास.
बूट. पुसलेले, पण एक टाच जास्त झिजलेली. बघू.
आवाज. खाली. पास.

पहिल्याला बाबांनी हसण्यावरून बाजूला काढलं होतं. दुसऱ्यात शोधूनही काही सापडेना, म्हणून त्याला काढलं. इतका गुळगुळीत माल पट्ट्यावर येतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाजूला काढलेल्या बशांचा ढीग वाढत चालला. मुलीनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात लिफ्टवाल्याचा हात पुढं आला. त्यानं डाव्या शेपटाची कोळंबी उचलली आणि तोंडात टाकली. मग घसरलेला मासा. मग भाताची सुटत आलेली गुंडाळी.

"अहो, ते काढलेलं आहे," बाबा म्हणाले.

"चवीला सरळ आहे, काका."

बाबांनी आणखी एक काढली. त्यानं खाल्ली. बाबा काढत गेले, तो खात गेला. तोंड वाकडं नाही, मोठेपणा नाही. कपाळावर घाम आला तेव्हा त्यानं फक्त पोटावरचं एक बटण सोडलं.

"जमतंय तुम्हाला," बाबा म्हणाले.

"घरी सवय आहे." तोंड भरलेलं होतं, त्यामुळे पुढचं काही कळलं नाही.

बाबांना आपलं घर आठवलं. फुटकी बिस्किटं कारखान्यातून पिशवीनं घरी यायची. मुलगी त्यांच्यावरच वाढली होती. अख्खं बिस्कीट तिनं पहिल्यांदा पाहिलं ते दुसऱ्याच्या घरी, आणि विचारलं होतं, "याला काय झालंय?"

झिजलेली टाच. पास.

हे त्यांनी मनात म्हटलं आणि त्यांचे तेच दचकले.

काकडी. पास.
मासा. पास.
कोळंबी. पास. पास. पास.

बाबांचा हात हवेतच राहिला. वाकडं यायचं बंद झालं होतं. हे शक्य नव्हतं. ज्यावर वाकडं येत नाही, असा पट्टा जगात नाही. त्यांनी मान लांब करून, बशा जिकडून येत होत्या तिकडे पाहिलं.

वळणावर एक बाई एकटीच बसली होती. तपकिरी स्वेटर, नाकावर घसरलेला चष्मा. पट्टा पुढं सरकत होता आणि तिचा हात नेमका खाली उतरत होता. विस्कटलेली गुंडाळी, बाजूला. चिरलेलं अंडं, बाजूला. इकडचा तिकडं झालेला एक दाणाही तिच्या नजरेतून सुटत नव्हता. समोर बशांचा मनोरा.

"वा," बाबा म्हणाले. कित्येक वर्षांत त्यांनी हा शब्द वापरला नव्हता. "काय नजर आहे त्या बाईची. आमच्या पट्ट्यावर असती, तर मला घरी बसवलं असतं."

लिफ्टवाल्यानं खायच्या काड्या खाली ठेवल्या. त्याचे कान लाल झाले.

"काका, ती माझी आई आहे."

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. "आई तर बहिणीकडे गेल्यात म्हणालास ना तू?"

"शर्टांच्या कारखान्यात होती, माल तपासायला. म्हणाली, समोर बसवलं की माणूस सावरून बसतं. आधी लांबून बघते." त्यानं सोडलेलं बटण परत लावलं. "याआधीच्या दोघी तिनं अशाच काढल्या."

वळणावरच्या बाईंनी बोटानं चष्मा वर ढकलला. बशांवरची नजर उचलली आणि सावकाश या टेबलाकडे वळवली.

बाबांनी मुलीकडे पाहिलं.

केस. एक बट सुटलेली.
ओठ. कोपऱ्यात भाताचं शीत.
शर्टाची कॉलर. एक बाजू वर, एक बाजू आत.

"सरळ बस," बाबा तिच्या कानात कुजबुजले, आणि कुणाला दिसू नये अशा बेतानं तिची कॉलर नीट करू लागले.